एडीआय-आर : गुण वाढले, मूल मात्र सुधारलंय. रिपोर्टमध्ये काय लिहू?

रानजाई: मदत हवी आहे, लवकर. एका मुलाची एडीआय-आर (ऑटिझमच्या निदानासाठी पालकांशी केलेली मुलाखत; गुण जास्त म्हणजे अडचणी जास्त) पुन्हा घेतली. संवादाचे गुण आधी 11 होते, आता 16. आई म्हणते, खूप फरक पडलाय. रिपोर्ट उद्या द्यायचाय. तीव्रता वाढली असं लिहू का?

कातळ: वय? बोलतो का? अल्गोरिदम (उत्तरांना दिलेले कोणते कोड बेरजेत धरायचे, तो नियम) कोणता लावला?

रानजाई: तेव्हा सव्वातीन, आता 6. आता वाक्यं बोलतो, तेव्हा शब्दच नव्हते. अल्गोरिदम निदानाचा, अजून कुठला?

गवतफूल: एवढा खटाटोप कशाला? कार्स-2 (ऑटिझमची तीव्रता मोजणारी चाचणी) करा. 15 आयटम, प्रत्येकी 1 ते 4, अर्धा गुणही देता येतो. 30 ते 36.5 सौम्य-मध्यम, 37 पासून तीव्र.

कातळ: गवतफूल, कार्समध्ये पालकांच्या प्रश्नावलीला गुणच नसतात, गुण तज्ज्ञाने द्यायचे. शिवाय 6 वर्षांचं, सफाईने बोलणारं आणि 80 च्या वर बुद्ध्यांक असलेलं मूल असेल तर फॉर्म वेगळा, कटऑफही (निदानाच्या सीमेचे गुण) वेगळे.

रानजाई, आयटम 30 बघा, भाषेची एकूण पातळी. तेव्हा कोड 2 असणार, आता 0. कोड 0 आला की संभाषण, साचेबद्ध बोलणं, सर्वनामांची उलटापालट हे सगळं बेरजेत येतं. कमाल गुण 14 चे 26 होतात, कटऑफ 7 चा 8. म्हणजे तुमचे आकडे 14 पैकी 11 आणि 26 पैकी 16. वजाबाकी करूच नका! स्वतःला पाणी हवं असताना मूल "तुला पाणी हवं" म्हणतं, त्याचे गुण चढतात. पूर्वी "पाणी" हा शब्दच नव्हता, तेव्हा तो आयटम मोजलाच गेला नाही.

दुसरं, चौथ्या वर्षानंतर निदानाचा अल्गोरिदम बहुतेक "4 ते 5 दरम्यान सर्वांत ठळक" नाहीतर "कधीही" हेच कोड घेतो. तो भूतकाळ आहे, उपचारांनी कमी होणार नाही. "सध्या"चे कोड काढा.

मनमोर: एम-चॅट-आर (पालकांनी भरायची प्रश्नावली) केली का? 20 प्रश्न, पटकन होते.

गवतफूल: ती 16 ते 30 महिन्यांसाठी, आणि चाळणीसाठी. इथे मूल 6 वर्षांचं आहे.

दवबिंदू: बेरजेत कोड 3 चा 2 होतो, 8 (लागू नाही) आणि 9 (माहीत नाही) चा 0. म्हणून 3 वरून 2 वर आलेली सुधारणा एकूण गुणांत दिसतच नाही. आयटमनिहाय मूळ कोड शेजारी शेजारी ठेवा. आणि "नजर देतो का?" असं विचारलं की पालक "हो" म्हणून मोकळे होतात. "उंचावरचा डबा हवा असेल तर काय करतो?" असं विचारा. तुमचं मनगट धरून डब्याकडे नेतो, की बोट दाखवून मागे वळून तुमच्याकडे बघतो? उदाहरण मिळेपर्यंत कोड टाकू नका.

रानजाई: आयटम 30 खरंच 2 आणि 0 आहे. पण तीव्रतेच्या रकान्यात काय लिहू?

कातळ: एडीआय-आरची बेरीज तिथे नको. डीएसएम-5 (मानसिक विकारांच्या निदानाची नियमावली) मधले ऑटिझमचे स्तर 1 ते 3 मदतीच्या गरजेवर ठरतात; सामाजिक संवादाचा वेगळा, पुनरावृत्तीच्या वर्तनाचा वेगळा. रोजच्या जगण्यातल्या कौशल्यांसाठी व्हाइनलँडची मुलाखत जोडा. ती उद्यापर्यंत होणार नसेल तर रिपोर्ट दोन दिवस उशिरा द्या.