५०० ची डिस्क, ४८० ची एसएसडी

जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर जसंच्या तसं कसं न्यायचं, या धाग्यातल्या प्रश्नाला वर क्लोनझिला हे डिस्कची हुबेहूब नक्कल (क्लोन) करणारं सॉफ्टवेअर सुचवलंय ते बरोबरच आहे, फुकट आणि भरवशाचं. पण धागाकर्त्याची जुनी डिस्क ५०० जीबी आणि नवी एसएसडी ४८० जीबी आहे, हे कुणी लक्षातच घेतलेलं दिसत नाही. आत डेटा फक्त ९० जीबी असला तरी क्लोनझिला नेहमीच्या सेटिंगवर अडून बसतं, कारण ते पार्टिशनचा (डिस्कवर पाडलेल्या भागाचा) आकार बघतं, आतला माल नाही. म्हणून आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून घ्या. मग एक्स्पर्ट मोडमध्ये 'के१' (-k1) आणि 'आयसीडीएस' (-icds) हे दोन पर्याय निवडा. पहिला पर्याय पार्टिशन नव्या डिस्कच्या प्रमाणात बसवतो, दुसरा आकाराची तपासणी वगळतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी बंद करा.

क्लोनझिलाचा निळा पडदा बघून धडकी भरत असेल तर त्याच कामाचं रेस्क्यूझिला घ्या, माउसने चालतं. मॅक्रियम या अशाच सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आता विसरा, ती कंपनीनेच बंद केली.

मात्र जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल तर यातलं काहीच नको. तिथे जीएनयू डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडत्या डिस्कमधून डेटा वाचवणारं साधन: ते आधी धड भाग उचलतं, खराब सेक्टरांकडे नंतर वळतं, आणि कुठवर उचललं याची नोंद, म्हणजे मॅप फाइल, ठेवत असल्याने मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं.

आणि दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर कागदावर लिहून समोर ठेवा. मी एकदा घाईत एसडीए-एसडीबीची (या सॉफ्टवेअरात दोन डिस्कना दिसणारी नावं) अदलाबदल केली आणि कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर क्लोन केली. अगदी यशस्वीपणे!