चर्चा: पुराचा इशारा टीव्हीच्या पडद्यावर सक्तीने यावा का?

मुठाकाठचा
पुण्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडायचं पाणी, म्हणजे विसर्ग, वाढला की आपल्याला कुठून कळतं? व्हॉट्सॲपवरून, तेही सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं. विसर्ग ३५ हजार क्युसेकपर्यंत (सेकंदाला तितके घनफूट पाणी) नेला होता आणि रहिवाशांची तक्रार होती की आम्हाला वेळेवर कुणी सांगितलंच नाही.

माझं म्हणणं, चॅनेल कुठलंही लावलेलं असो, इशारा पडद्यावर यायलाच हवा. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. केबलचे पैसे थकले की ऐन शेवटच्या ओव्हरला पडद्याच्या मधोमध एक चौकट येऊन बसते, रिमोटने हलत नाही, ती पाहिली असेलच. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांनुसार सेट टॉप बॉक्समध्ये ही सोय असावीच लागते. किमान १२० अक्षरांचा संदेश सगळ्यांना एकदम, एखाद्या गटाला किंवा एकाच बॉक्सला पाठवता येतो. म्हणजे सिंहगड रोडला पाठवा, औंधला उगाच घाबरवू नका. वसुलीला चालतं ते पुराला का चालू नये?

शनिवारपेठी
पहाटे चारला टीव्ही कोण बघतं हो? पाणी चढलं की वीज पहिली जाते, नाहीतर शॉक लागू नये म्हणून बंद करतात. मग तुमची चौकट कुठे उमटणार, भिंतीवर? २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. टॉवरच्या टापूतल्या फोनांना एकदम संदेश जातो, नंबर लागत नाही, ॲप लागत नाही. तेच पक्कं करा.

मुठाकाठचा
वीज जाते ती पाणी आल्यावर. इशारा त्याआधी द्यायचा असतो. आणि आंबिल ओढ्याचा लोंढा (२५ सप्टेंबर २०१९) पहाटे नव्हे, रात्री आला होता. त्या वेळी घरोघरी टीव्ही चालू असतात.

शनिवारपेठी
त्या रात्री ओढ्याला पाणी चढतंय हे सांगणार कोण होतं? धरणाचा दरवाजा तरी कुणीतरी उघडतं. कात्रजच्या बाजूला धो धो कोसळलेल्या पावसाची खबर वेळेत खाली पोचली नाही, तर पडद्यावर काय छापणार?

आठची मालिका
माझ्या सासूबाई ऐंशीच्या आहेत. फोन बंद करून कपाटात ठेवतात, 'उगाच वाजतो' म्हणून. टीव्ही मात्र सकाळपासून असा मोठ्याने की शेजारचे दार वाजवतात. फोनवरचा इशारा त्यांना कधीच मिळणार नाही. पण नुसती चौकटही नको, मोतीबिंदूमुळे त्यांना ती वाचताच येणार नाही. आधी मोठा आवाज, मग मराठीत बोललेलं वाक्य. अमेरिकेत टीव्ही स्टेशनं आणि केबलवाले, दोघांनाही अशा इशाऱ्याची यंत्रणा ठेवणं बंधनकारक आहे. वर पट्टी सरकते आणि आवाजही येतो.

शनिवारपेठी
त्याच अमेरिकेत १३ जानेवारी २०१८ ला हवाईमध्ये क्षेपणास्त्र येतंय म्हणून फोनवर आणि टीव्हीवर इशारा गेला. खोटा. दुरुस्तीचा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. आपल्याकडे तर विसर्गाचा आकडा तासातासाला बदलतो. चार वेळा उगाच चौकट आली की पाचव्यांदा लोक म्हणतील, जाहिरात असेल.

मुठाकाठचा
म्हणूनच आकडा छापायचाच नाही. क्युसेक कुणाला कळतो? मुठेवरचा बुटका भिडे पूल बुडाला म्हटलं की अख्ख्या पुण्याला कळतं. घर सोडायची वेळ आली तरच संदेश जावा, आणि तो असा:

'मुठेला पूर. एकतानगरी, पुलाची वाडी: तळमजले लगेच रिकामे करा. गाड्या काढायला थांबू नका.'

१२० अक्षरांत आरामात बसतं.

लाइनमन
मी केबलच्या धंद्यात आहे, म्हणून बोलतो. सोय आहे, खरं आहे. पण आमच्याकडे गट पाडलेत ते पॅकेजप्रमाणे आणि वसुलीच्या पोराप्रमाणे, नदीप्रमाणे नाही. भाडेकरू बॉक्स घेऊन वारज्याहून कोथरूडला जातो, नोंदीत पत्ता वारज्याचाच. काही जुन्या बॉक्सवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशच्या साध्या बॉक्सला तर आम्ही संदेश पाठवूच शकत नाही, ते आमच्या हातातच नाही. आणि बरीच गिऱ्हाइकं वायफायवर गेलीत, त्यांच्याकडे बॉक्सच नाही.

आठची मालिका
म्हणजे करायचं नाही?

लाइनमन
वहिनी, तसं नाही म्हणत. नदीकाठच्या सोसायट्यांचे बॉक्स नंबर वेगळे काढायला फार वेळ लागत नाही, आम्ही करू. अडचण वेगळीच आहे. रात्री कंट्रोल रूममध्ये एकच पोरगा असतो. त्याला पाटबंधारेचा फोन आला तर बटण दाबायचं, महापालिकेचा आला तर, की फक्त कलेक्टर ऑफिसचा? चुकलं तर त्याची नोकरी जाणार. तेवढं आधी लेखी द्या.