नानांची डिस्क

नाना: विंडोज १० चे नेहमीचे अपडेट ऑक्टोबर २०२५ ला थांबले. हे मशीन ११ घेत नाही. म्हणून शेवटी नवी एसएसडी डिस्क बसवून तिच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकली. आता जुन्या डिस्कवरचे फोटो इकडे आणतोय, तर एकही हलत नाही. डिस्क गेली का?

आत्या: तरी मी म्हणत होते, चालतंय ते चालू दे.

दादा: नाना, थांबा. काही फॉरमॅट केलं नाहीत ना?

नाना: नाही रे. जुनी डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घातलीय आणि बाहेरून लावलीय. फोटो दिसतात, उघडतात. कट करून पेस्ट केलं की रीड-ओन्ली म्हणून अडतं.

दादा: मग डिस्क ठणठणीत आहे. विंडोज तुम्ही नेहमीसारखं शट डाउन केलं असणार. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि डिस्कवर तशी खूण राहते. लिनक्सला ती खूण दिसली की ते लिहायला हात लावत नाही, वाचू मात्र देतं. तुम्हाला वाचण्यापलीकडे हवंय काय? कॉपी करा. कट कशाला?

नाना: जागा मोकळी होईल म्हणून.

दादा: जुन्या डिस्कवर जागा मोकळी करून काय करणार आहात? कट करताना मध्येच केबल हलली असती तर अर्ध्या फाइली इकडे, अर्ध्या तिकडे. कुठली कुठे गेली ते शोधत बसला असतात.

नाना: म्हणजे त्याने अडवलं ते बरंच झालं.

ताई: मलाही या महिन्यात हेच करायचंय. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, चारही फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले. फक्त एक ७ जीबीचा व्हिडिओ जात नाहीये. जागा आहे तरी 'फाइल खूप मोठी' म्हणतंय.

दादा: पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावतच नाही, बाकी जागा कितीही असो. त्यातलं सगळं आधी दुसरीकडे काढून घे, मग एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर. विंडोज, मॅक, लिनक्स तिघांनाही चालतं.

मी: ताई, त्या चार फोल्डरांवर जाऊ नकोस. मागे मीही तेवढेच घेतले होते. नव्या सिस्टिमवर थंडरबर्ड हे मेलचं ॲप उघडलं तर नवीन खातं जोडा म्हणालं. सर्व्हरवरची मेल परत आली, पण 'लोकल फोल्डर'मध्ये, म्हणजे फक्त मशीनवर, काढून ठेवलेली सगळी गेली. ती असते युजरच्या फोल्डरमधल्या ॲपडेटा नावाच्या फोल्डरमध्ये, आणि तो लपलेला असतो. 'हिडन आयटम्स दाखवा' केल्याशिवाय दिसत नाही. मला हे कळलं तेव्हा जुनी डिस्क पुसून झाली होती.

ताई: अरे देवा. मग तो सगळाच उचलू का?

मी: ॲपडेटा सगळा नको, त्यात कचराच फार. थंडरबर्ड आणि फायरफॉक्सचे प्रोफाइल फोल्डर, म्हणजे तुझी सेटिंग आणि साठवलेला डेटा असलेले, तेवढे घे, ते लिनक्सवरही चालतात.

दादा: क्रोमच्या पासवर्डचं मात्र तसं नाही. ते विंडोजच्या तुझ्या लॉगिनशी बांधलेले असतात, फोल्डर उचलून नेला तर उघडत नाहीत. आधी क्रोममधूनच एक्स्पोर्ट कर. ती सीएसव्ही फाइल कुणालाही सहज वाचता येते, म्हणून काम झालं की पुसायची. आणि ग्रुपवर टाकायची नाही, आत्या.

आत्या: मी कशाला टाकू?

दादा: वायफायचा पासवर्ड टाकला होतास.

आत्या: हा मेसेज हटवण्यात आला

दादा: ताई, आणखी दोन गोष्टी. तुझे डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये आहेत ना? ज्या फाइलीपुढे ढगाचं चिन्ह आहे ती तुझ्या लॅपटॉपवर नाहीच, फक्त नाव आहे. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावलीस तर हाती काही लागणार नाही. विंडोज चालू आहे तोवर राइट क्लिक करून 'कायम या डिव्हाइसवर ठेवा' कर आणि सगळं उतरेपर्यंत थांब. दुसरं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का बघ. नव्या लॅपटॉपवर ती आपल्याला न कळता चालू झालेली असते. तशी डिस्क बाहेर काढली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. बहुतेक वेळा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधी शोध आणि कागदावर लिही. लॅपटॉपवरच सेव्ह करून ठेवू नकोस.

ताई: लिहून घेतेय.

नाना: इकडे कॉपी झाली. पण आकडा जुळत नाही. जुन्या फोल्डरची 'डिस्कवरची जागा' वेगळी, नव्याची वेगळी.

दादा: ते बघू नका, दोन्हीकडची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली साठवायची पद्धत, वेगळी आहे. फाइलींची संख्या जुळवा. पक्कं करायचं असेल तर आरसिंक हा कॉपी करायचा प्रोग्रॅम 'चेकसम' पर्यायासकट चालवा, दोन्हीकडची प्रत्येक फाइल आतून वाचून ताडून बघतं. वेळ खाईल. रात्री लावून झोपा.

नाना: बरं. आणि एक राहिलं. त्या पिवळ्या चिठ्ठ्या स्क्रीनवर चिकटवायचो, त्या कुठल्याच फोल्डरमध्ये नाहीत. त्यात दोन वर्षांचं काय काय आहे.

मी: स्टिकी नोट्स! नाना, त्याही ॲपडेटामध्येच. आत लोकल, मग पॅकेजेस, त्यात स्टिकी नोट्सच्या नावाचा लांबलचक फोल्डर, त्यात लोकलस्टेट. तिथे प्लम नावाची एसक्यूलाइट, म्हणजे डेटाबेसची, फाइल असेल. तिच्यासोबत त्याच नावाच्या आणखी एकदोन फाइली दिसल्या तर त्याही घ्या, ताज्या चिठ्ठ्या कधी कधी तिथे असतात. मिंटवर 'डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट' टाका आणि ती फाइल त्यात उघडा. दिसायला तक्ता असेल, पण मजकूर वाचता येईल.

ताई: हे तुला कसं माहीत?

मी: पुसलेल्या डिस्कवर काय काय होतं याची यादी करत बसलो होतो ना.

नाना: मिळाल्या. ४१ आहेत.

आत्या: काय लिहिलंय रे?

नाना: औषधं, बिलं, कुणाकुणाचे नंबर. एकीवर फक्त 'बॅकअप घेणे' एवढंच आहे.

दादा: नाना, जुनी डिस्क अजून सहा महिने पुसायची नाही.

नाना: चिठ्ठी लिहून ठेवतो.