थीमवालं डॉर्म घ्यावं की साधं? हाउसिंगचा फॉर्म भरायचाय

पहिलंवर्ष_इंजि
अमेरिकेत युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला जातेय. हाउसिंगच्या फॉर्ममध्ये साध्या डॉर्मशिवाय (डॉर्म म्हणजे तिथलं हॉस्टेल) लिव्हिंग लर्निंग कम्युनिटी, म्हणजे एकाच आवडीच्या मुलांनी एका मजल्यावर राहायचं आणि शिकायचं, असा वेगळा भाग आहे आणि त्यात इतके प्रकार आहेत की डोकंच चालेना, इंजिनिअरिंगच्या मुलींचा मजला, पर्यावरणवाल्यांचा, कलावाल्यांचा, परकीय भाषांचा, दारू-सिगारेट अजिबात नको असणाऱ्यांचा. मला इंजिनिअरिंगचा आणि कलेचा असे दोन आवडलेत, नाटकाचं वेड शाळेपासून आहे. भीती एवढीच की वर्गात तेच चेहरे, जेवताना तेच, झोपायला आलं तरी तेच, मग बाकीच्यांशी ओळख कधी होणार? वर निबंध लिहायचा आणि पहिल्या सेमिस्टरला त्यांचा एक कोर्स घ्यायचा अशी अटही आहे. राहिलंय का कोणी? खरंच फरक पडतो की नुसतं नाव?

जुनी_आरए
मी साध्या मजल्यावर पण आरए (मजल्यावर राहून मुलांकडे लक्ष देणारी रेसिडेंट असिस्टंट) होते आणि थीमच्या मजल्यावर पण, त्यामुळे दोन्हीकडची बाजू सांगू शकते. फरक पडतो, पण कुठे पडतो ते बघ. जिथे एकत्र कोर्स असतो, प्राध्यापक अधूनमधून मजल्यावर येतात आणि मुलांच्या हातात काहीतरी काम असतं तिथे पहिल्या महिन्यातच मुलं एकमेकांची दारं ठोठवायला लागतात, कॅल्क्युलसचं गणित अडलं की ट्यूटरिंग सेंटर उघडायची वाट बघावी लागत नाही, समोरच्या खोलीत कोणीतरी त्याच गणिताशी झटत असतं. साध्या मजल्यावरही मैत्री होते, पण तिथे ती शेजारी कोण येतं त्यावर आणि नशिबावर जास्त अवलंबून असते. तू ज्या अटीला वैतागलीयेस ना, तो कोर्सच खरं तर त्यातला सगळ्यात कामाचा भाग आहे.

तेच चेहरे दिसण्याची भीती बरोबर आहे, आणि इंजिनिअरिंगच्या मजल्यावर ती जास्त खरी. परीक्षेच्या आठवड्यात अख्खा मजला एकाच पेपरच्या टेन्शनमध्ये असतो, कोणाला किती मार्क पडले हे बाथरूमपर्यंत कळतं. ज्यांना अभ्यासापासून पूर्ण तुटून श्वास घ्यायला जागा लागते त्यांना ते जड जातं.

इतिहास_चाळणारा
ही कल्पना नवीन नाहीये. विस्कॉन्सिन-मॅडिसनला अलेक्झांडर माइकलजॉन यांनी १९२७ मध्ये एक्सपेरिमेंटल कॉलेज काढलं होतं, मुलं आणि शिकवणारे एकाच डॉर्ममध्ये, पहिल्या वर्षी प्राचीन अथेन्स वाचायचं आणि दुसऱ्या वर्षी आजची अमेरिका. फक्त मुलग्यांसाठी होतं आणि १९३२ ला बंद पडलं, पण आज राहणं आणि शिकणं एकत्र असं जे म्हणतात त्याची मुळं तिथे सापडतात.

तुला नाटकाची आवड आहे म्हणून सांगतो, कॉर्नेल युनिव्हर्सिटीचा रिझली हॉल बघ. १९७० पासून तो कलावाल्यांचं घर आहे, इमारतीतच थिएटर आहे आणि ते राहणारी मुलंच चालवतात. तिथे राहायला कलेची पदवी करावी लागत नाही, इंजिनिअरिंगची मुलंही असतात. तुझ्या युनिव्हर्सिटीतही कलेच्या मजल्याला असंच असेल तर तुझा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, कारण मेजर (पदवीचा मुख्य विषय) वर्गात आणि नाटक घरी!

आणि सगळ्या थीम छंदाच्याच असतात असं समजू नकोस. रटगर्स युनिव्हर्सिटीने १९८८ मध्ये व्यसनातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कॅम्पसवरच वेगळं घर सुरू केलं, त्या मुलांना पार्टीच्या मजल्यावर ठेवलं तर पुन्हा घसरण्याचा धोका, त्यामुळे तिथे थीम म्हणजे गरज आहे. कॉर्नेलचं उजामा हे डॉर्म १९७२ चं, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मागणीतून उभं राहिलेलं. अशा घरांवर वेगळेपणाची टीका होत आलीये, पण जिथे आपल्यासारखं दिसणारं कोणी वर्गात नाही तिथे संध्याकाळी परत यायला एक घर असणं किती मोठं असतं हे ती टीका करणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

खिडकीशेजारी
माझा अनुभव उलटा. मजल्याचं नाव होतं पर्यावरण आणि वर्षभरात दारावरच्या पोस्टरपलीकडे काही झालं नाही. ना कोर्स, ना कोणी प्राध्यापक. बरीच मुलं फक्त इमारत चांगली म्हणून तिथे आली होती. माणसं छान मिळाली, पण थीममुळे नाही. तेव्हा नावावर जाऊ नकोस, गेल्या वर्षी तिथे नेमकं काय काय झालं ते विचार, आणि जमल्यास तिथे राहिलेल्या कोणाशी तरी बोल.

पहिलंवर्ष_इंजि
खूप खूप आभार सगळ्यांचे. रूममेटचं काय? आवड सारखी म्हणजे पटेलच ना?

जुनी_आरए
नाही गं, ते दोन वेगळे विषय आहेत. मजल्यावर भांडणं मिटवताना नाटक आवडतं की नाही हा मुद्दा एकदाही आला नाही, आले ते झोपेची वेळ, दिवा, पसारा, न विचारता आणलेले पाहुणे. थीमचा फॉर्म आवडीचं विचारतो, हे विचारेलच असं नाही. रूममेट अॅग्रीमेंटचा, म्हणजे खोलीत दोघींनी कसं राहायचं ते ठरवण्याचा, कागद मिळेल तो पहिल्याच आठवड्यात खरं खरं लिहून भर, लाजू नकोस.

आणि दोन्हीपैकी निवडायचं तर मी कलेचा मजला म्हणेन, फक्त आधी हाउसिंग ऑफिसला मेल करून तीन गोष्टी विचार: कार्यक्रम राहणारी मुलं ठरवतात की ऑफिस, वरच्या वर्षांचे पण राहतात का, आणि नाही जमलं तर सेमिस्टरच्या मध्ये खोली बदलता येते का. इंजिनिअरिंगच्या मुली तुला लॅबमध्ये आणि ग्रुप प्रोजेक्टमध्ये भेटणारच आहेत. निबंधात नाटक आवडतं एवढंच लिहू नकोस, तिथे जाऊन काय करशील ते लिही, प्रकाशयोजना शिकायचीये, सेट बांधायचाय, जे खरंच मनात असेल ते. आम्ही अर्ज वाचायचो तेव्हा तेच शोधायचो.

पहिलंवर्ष_इंजि
सेट बांधायचाच आहे! आत्ताच मेल लिहायला घेते.