आई देवावर रुसलीय, तिला वाचून दाखवायला कविता, अभंग सुचवा ना

सेलूची लेक:
सगळ्यांना नमस्कार. आमचे दादा (वडील) आषाढात गेले. चार महिने होत आले पण आई अजून नीट जेवना, बोलना, आणि सगळ्यात जास्त मला हे लागतंय की तिनं देवघराला पडदा लावलाय. जी बाई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणल्याशिवाय चूल पेटवत नव्हती ती आता म्हणती, मला त्याचं तोंड बघायचं नाही. दादा भजनी मंडळात होते, त्यांचे टाळ खुंटीला तसेच लटकलेत, तिनं कुणाला हात लावू दिला नाही. मी महिन्यातून दोनदा येते, रात्री तिच्याजवळ बसून काहीतरी वाचून दाखवावं म्हणते. आई सातवी शिकलेली, पण तोंडपाठ भरपूर आहे. प्रेरणादायी म्हणून मोबाईलवर येतात तसल्या ओळी नकोत, त्या मी वाचल्या तर तिनं कूस बदलली. काहीतरी खरं सुचवा.

मोंढ्यावरचा:
ताई वाईट वाटलं. माझं म्हणाल तर मनाचे श्लोक. समर्थ आपल्या जांबचे, जालना जिल्ह्यातले, २०५ श्लोक आहेत, रोज पाच वाचले तरी मन थाऱ्यावर येतं. मला धंद्यात मोठी खोट आली होती तेव्हा पहाटे उठून तेच म्हणायचो, त्यानंच तरलो.

अंबाजोगाईची मास्तरीन:
दादा तुमचा अनुभव खराच, पण मनाचे श्लोक मनाला समजावतात, असं कर तसं करू नको. या माउलीला सध्या समजावणारे घरात रोज येत असतील, शेजारपाजार, पाव्हणेरावळे, सगळे तेच बोलतात. तिला आधी कुणीतरी तिच्या बाजूनं बोलणारं पाहिजे. सेलूच्या ताई, बहिणाबाई वाचा. त्या खानदेशच्या, बोली जरा वेगळी, पण दोनदा वाचली की कळती. तिसाव्या वर्षी नवरा गेला त्यांचा, पदरात लेकरं. "जरी फुटल्या बांगड्या, मनगटी करतूत" ही ओळ त्या बाईनं स्वतः भोगून रचलीय. माझे हे गेले तेव्हा मला कुणीतरी धीर धर धीर धर म्हणायचं ना, तेव्हा राग यायचा, पण ही ओळ वाचली आणि मी माझ्या रिकाम्या मनगटाकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. एवढंच झालं, पण ते लै होतं.

कीर्तनवेडा:
नाथांची भारुडं वाचा की, पैठण काय लांब आहे आपल्याला! "सत्वर पाव गे मला" म्हणून दाखवा, रोडग्याचं, हसू येईल त्यांना.

अंबाजोगाईची मास्तरीन:
कीर्तनवेडा, भारुड मलाही आवडतं पण त्याचा शेवट आठवा, सगळे जाऊ दे आणि "एकलीच राहू दे मला". नाथांना त्यातून वेगळं सांगायचंय हे तुम्हाला मला माहीत आहे, पण ज्या घरात बाई खरंच एकटी उरलीय तिथं ती ओळ कशी वाचायची? पुढच्या वर्षी वाचा, आत्ता नको.

कीर्तनवेडा:
हाव, बरोबर आहे ताई, माझ्या ध्यानात आलं नाही. माफी. मग नामदेवांचे समाधीचे अभंग घ्या. नामदेव म्हणजे आपल्या नरसीचे, हिंगोली जिल्ह्यातले. १२९६ साली माउलींनी आळंदीला समाधी घेतली तेव्हाचं वर्णन आहे, आणि त्यात कुणी ज्ञान सांगत बसत नाही, सगळे संत रडायलेत. निवृत्तीनाथांचं दुःख सांगताना म्हणतात, बांधलेल्या पेंढीचा आळा सुटला आणि गवत रानोमाळ पांगलं, तळ्याचा बांध फुटला आणि पाणी बारा वाटांनी गेलं. कडब्याची पेंढी बांधणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही. मी सप्त्यात हे ऐकलं तेव्हा माझ्या शेजारचा म्हातारा टोपीत तोंड घालून रडला.

गंगाखेडकर:
मी उशिरा आलो, पण मला राहवलं नाही. तुमच्या आईचा देवावरचा राग घालवायचा प्रयत्नच करू नका. जनाबाई आमच्या गावची, गंगाखेडची. सगळ्यांना तिचं दळण कांडण माहीत आहे, "झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी" माहीत आहे. पण तिचा एक अभंग आहे, "अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या". त्यात ती विठ्ठलाला काय काय बोलली आहे बघा, तुझं मढं गेलं म्हणते, तुझी बायको रंडकी झाली म्हणते! आणि शेवटी नाव घालते, "उभी राहूनी अंगणी, शिव्या देत दासी जनी". सातशे वर्षं झाली, ह्या शिव्या आपण अभंग म्हणून जपल्या आहेत, गाथेतून कुणी काढल्या नाहीत. माझी आज्जी म्हणायची, परक्याला कोण शिव्या देतं, परक्याशी आपण गोड बोलतो. तुमच्या आईनं पडदा लावलाय म्हणजे आत कोण आहे हे तिला माहीतच आहे की. मूर्ती उचलून गोदावरीत नाही सोडली तिनं. हा अभंग वाचा. त्यात रंडकी शब्द आहे, म्हणून आधी तुम्ही एकट्या वाचा, तुमच्या आईला झेपेल का ते तुम्हालाच कळेल, पण मला वाटतं झेपेल.

मोंढ्यावरचा:
गंगाखेडकर, हा अभंग मला माहीतच नव्हता. दुकानात बसून तीनदा वाचला.

परभणीची रात्रपाळी:
वाचायची एक युक्ती सांगते. मी दवाखान्यात काम करते, म्हाताऱ्या माणसांजवळ बसायची सवय आहे. पुस्तक हातात देऊ नका, वाचू का म्हणून विचारू पण नका. तुमचं तुम्ही काहीतरी काम करत, शेंगा फोडत नाहीतर भाजी निवडत, पाठ असलेलं मोठ्यानं म्हणा आणि एखाद्या ओळीत चुका. पाठांतर असलेल्या माणसाला चूक सहन होत नाही. माझ्या सासूबाई सहा आठवडे कुणाशी बोलल्या नव्हत्या, मी ताटीचे अभंग म्हणताना "विश्व रागे झाले वन्हि" च्या पुढं मुद्दाम अडखळले, तर भिंतीकडं तोंड करून पडलेल्या त्या तिथूनच म्हणल्या, "संते सुखे व्हावे पाणी". मी नुसतं बरं म्हणलं आणि पुढं गेले.
आणि ताई तुमच्यासाठी पण काहीतरी घ्या, तुमचेही वडील गेलेत. बी. रघुनाथांचा एक संग्रह आहे, "पुन्हा नभाच्या लाल कडा", ते परभणीचेच, १९५३ ला गेले, चाळिशीतच. ड्यूटी संपल्यावर पहाटे एसटी स्टँडवर मला ते नाव आठवतं.

सेलूची लेक:
सगळ्यांचे आभार, आज पंधरा दिवसांनी लिहिते. मला कुणी विचारलं नव्हतं हो, तुझेही वडील गेले म्हणून. ते वाचून मी पहिल्यांदा नीट रडले.
परवा गावी गेलते. आई तांदूळ निवडत होती, मी शेजारी बसून विठ्याचा अभंग म्हणला. पहिल्या ओळीला तिचा हात थांबला. मढं म्हणलं तेव्हा माझाच आवाज कापायला लागला, मला वाटलं आता उठून जाईल. उठली नाही. शेवटची ओळ मी म्हणलीच नाही, म्हणजे चुकवायची म्हणून नाही, मला म्हणताच येईना. तर तिनं सुपाकडं बघत हळूच म्हणली, "शिव्या देत दासी जनी". मग लै वेळ काही बोलली नाही, नुसते खडे बाजूला काढत होती. रात्री झोपताना मला म्हणली, जनीनं बरं केलं.
पडदा अजून आहे. पण सकाळी तिनं तिचा चष्मा शोधला, एक काडी तुटलीय, दोऱ्यानं बांधून दिला. आता मला जनाबाईचे सगळे अभंग मोठ्या टाईपात पाहिजेत, कुठं मिळतील?

गंगाखेडकर:
सकलसंतगाथेत जनाबाई आहे, पण ते पुस्तक जड आहे, आडवं पडून धरता येत नाही. पंढरपूर, पैठण, आळंदीला मंदिराजवळच्या दुकानात वेगळी पातळ पुस्तकं असतात, टाईप मात्र हातात घेऊन बघा. नाहीतर असं करा, तुम्हीच वहीत मोठ्या अक्षरात रोज एक उतरवा आणि येताना घेऊन या. लेकीचं अक्षर आईला वाचता येतं.