कुर्डुवाडीची छोटी गाडी कुणी चालताना पाहिली आहे का?

प्रश्न (लातूरकर_मुलगी): आजोबा सांगतात, पूर्वी लातूरहून मुंबईला जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागायची. खरंच?

उत्तर (निवृत्त पॉइंट्समन): खरंच. लातूरची लाइन बार्शी लाइट रेल्वेची, तिच्या दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर, 1927 ला मिरज. मुंबईकडच्या मोठ्या, रुंद रुळांच्या लाइनीचे डबे त्यावर चालणार कसे? त्यामुळे माणसंही उतरायची आणि माल पण. हमाल छोट्या वॅगनमधून धान्याची पोती पाठीवर घेऊन मोठ्या वॅगनमध्ये टाकायचे. भर उन्हात. पोत्याचा दोरा सुटला की फलाटावर ज्वारी सांडायची, आणि ती गोळा करायला बायका थांबलेल्याच असायच्या. ते हाल गेले, फार बरं झालं!

प्रश्न (लातूरकर_मुलगी): मग जुनं काही चांगलं नव्हतं का काका?

उत्तर (निवृत्त पॉइंट्समन): होतं की. आषाढीला वारकरी टपावर बसायचे, टाळ वाजत गाडी पंढरपूरला शिरायची. सिग्नलचा घासलेटचा दिवा मी रोज संध्याकाळी राखेनं काच घासून लावायचो. गावाकडची माणसं नावानिशी ओळखीची. आता लातूरहून रात्री बसलं की सकाळी थेट मुंबई, ते हवंच. पण छोट्या स्टेशनांवर थांबणाऱ्या पॅसेंजर गाड्या वाढवल्या पाहिजेत. दूधवाला, शाळेची पोरं, बाजारकरी यांनी एक्स्प्रेसकडे नुसतं बघत राहायचं का?

उत्तर (बार्शीचा_बाळू): काका, अगदी मनातलं बोललात. आमच्याकडे कॉलेजची पोरं एसटीलाच लोंबकळतात.