मानेच्या धमनीच्या ऑपरेशननंतर असंबद्ध बोलणं

खानापूर_रोड: डावी कॅरोटिड एंडार्टरेक्टॉमी (मानेच्या धमनीतला अडथळा काढायचं ऑपरेशन), वय 71, आज चौथा दिवस, पेशंट घरी. दिवसा ठीक. दिवेलागण झाली की चिडचिड, माणसं ओळखण्यात घोटाळा. भुलीचा परिणाम की मेंदूला काही झालं?

वॉर्ड_सात: असं खालीवर होणं बहुतेक डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा, कमीजास्त होणारा गोंधळ. वार उलटे म्हणायला लावा: रविवार, शनिवार, शुक्रवार. मधेच सुटत असेल तर लक्ष टिकत नाही, स्मरणशक्ती गेली असं लगेच धरू नका. पण मराठीत विचारा. "इवत्तु याव वार?" (आज कोणता वार?) असं कन्नडमध्ये म्हटल्यावर ती भाषा जेमतेम कळणारी म्हातारी गप्प बसते आणि केसपेपरवर 'गोंधळलेली' असं चढतं. लघवी तुंबलीय का, पोट साफ आहे का, ताप, साखर, सोडियम बघून घ्या. चष्मा, ऐकण्याचं यंत्र लावा. झोपेची गोळी मनानं देऊ नका, गोंधळ वाढतो.

निपाणीकर: तंबाखू एकदम सुटली का? पहिले काही दिवस बेचैनी, झोप उडणं त्यानंही होतं. रोजची दारू असेल तर गंभीर: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, भास. घरचे दडवतात, म्हणून लिहिलं.

धमनी_बिमनी: हे सगळं खरं, पण चौथ्या दिवशी आधी बीपी. अरुंद धमनीच्या पुढच्या मेंदूतल्या बारीक वाहिन्या रक्त ओढून घ्यायला कायम सैल झालेल्या असतात. अडथळा काढला की लोंढा येतो आणि त्यांना आवळता येत नाही. याला हायपरपर्फ्युजन म्हणतात. ऑपरेशनच्याच बाजूला डोकं ठणकतं, मग गोंधळ, झटके, क्वचित मेंदूत रक्तस्राव. पहिला आठवडा जोखमीचा, पण महिनाभर होऊ शकतं. 5 मिनिटं बसवून सकाळ-संध्याकाळ बीपी लिहा. गोंधळ आहेच, तेव्हा आजच सर्जनला दाखवा. डोकं ठणकलं, झटका आला किंवा बीपी डिस्चार्ज कार्डावरच्या आकड्याच्या वर गेला तर 108.

खानापूर_रोड: डोकं दुखत नाही. जीभ मात्र डावीकडे वळते, बोलणं जड.

धमनी_बिमनी: घड्याळ दाखवून नाव विचारा. 'घड्याळ' बरोबर निघालं, फक्त जड, तर जिभेची नस दुखावली असावी, ती बहुधा काही महिन्यांत सुधारते. शब्दच सापडत नसेल किंवा उजवा हात लुळा वाटला, तर तो पक्षाघात समजून तडक दवाखाना. अ‍ॅस्पिरिन मात्र मधेच बंद करू नका.